काचातलं दुकान

"मले बाकी काही नको. तठी काचामधी साड्या कशा मांडता, तेवढं काढी आणजो."

माय हे म्हणाली तेव्हा ती दशम्या बांधत होती. १९८१ ची दिवाळी आठवड्यावर आली होती, सहामाही नुकतीच संपली होती आणि मी पहिल्यांदा मुंबईला निघाले होते, मामाबरोबर. मी नववीत होते. दादा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर. त्यामुळे पासावर मी फुकटात जाणार होते. मामाला पास लागू नव्हता, तो तिकीट काढून यायचा. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तो मुंबईला जाई, कारण भुसावळात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि दिवाळीच्या पाच दिवसांत जेवढी कुटुंबं नवे कपडे घालून त्याच्या पडद्यापुढे उभी राहत, तेवढी उरलेल्या वर्षात मिळून राहत नसत. त्यासाठी लागणारा ब्रोमाइड कागद, हायपो, डेव्हलपरची पाकिटं आणि रोल बोरीबंदरजवळच्या बोरा बाजारात जळगावपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळत.

मायची मागणी मला तेव्हा विचित्र वाटली नाही. आज ती फक्त मोठी वाटते. भुसावळच्या बाजारात तेव्हा कापडाचं दुकान म्हणजे पांढरीशुभ्र गादी, तक्के आणि पाठीमागे छतापर्यंत गेलेली कपाटं. चपला खाली काढून वर बसायचं. दुकानदार पाणी विचारायचा, मग एकेक साडी फर्रकन उलगडून समोर टाकायचा, आणि पाहता पाहता गादीवर डोंगर व्हायचा. एवढं काढायला लावून काही न घेता उठायचं, ह्याचा मायला फार संकोच होई. म्हणून ज्या वर्षी घ्यायचं नसे त्या वर्षी ती दुकानाची पायरीच चढत नसे. आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की मुंबईला साड्या काचेमागे उभ्या असतात. रस्त्यावरून जाता जाता कुणीही हव्या तेवढ्या पाहाव्यात, कुणाला काही विचारावं लागत नाही, कुणी काही विचारत नाही. तिला ते पाहायचं होतं. न घेता, न संकोचता नुसतं पाहता येणं.

आमच्या गावात तशी काच एकच होती, मामाच्या स्टुडिओची शोकेस. तिच्यात नवरानवरीची जोडी, उघड्या अंगाचं पालथं पडलेलं बाळ, हातात टेलिफोनचा रिसीव्हर धरलेला एक तरुण आणि रेल्वेच्या नाटकातला कुणी शिवाजी असे फोटो मांडलेले असत. संध्याकाळी बाजारातून भाजी घेऊन परतणाऱ्या बाया तिथे हमखास दोन मिनिटं थांबत.

मामाला आपल्या धंद्याचा अभिमान होता आणि त्याला तो भुसावळचा अभिमान समजायचा. स्टुडिओत कुणी निवांत भेटला की तो रॉबर्ट गिलची गोष्ट सांगे. हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं, आणि तो अजिंठ्याचाच झाला. वर्षानुवर्षं खपून केलेली त्याची बहुतेक मोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेली असताना १८६६ च्या आगीत जळाली. पण कुंचल्याबरोबर त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि लेण्यांचे त्याचे फोटो मागे राहिले. १८७९ मध्ये तो वारला तो भुसावळात. इथल्याच मातीत त्याला पुरलं. "हिंदुस्थानातल्या पहिल्या फोटोवाल्यांपैकी एक आपल्या गावात निजलाय," असं म्हणून मामा समोरच्याची हनुवटी किंचित वर करायचा आणि दिव्याकडे वळवायचा. गोष्ट आणि काम त्याचं एकत्रच चाले.

निघताना त्याने माझ्या गळ्यात स्टुडिओतला क्लिक थ्री कॅमेरा अडकवला. काळा, हलका, आगफाचा. तो तेव्हा घरोघरी असायचा म्हणतात. आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत मात्र नव्हता. त्यात मामाने अंधाऱ्या खोलीतून आणलेला ओर्वोचा रोल भरला, मागच्या इवल्याशा लाल खिडकीत १ चा आकडा येईपर्यंत चावी फिरवली आणि म्हणाला, "बारा. बारा म्हणजे बाराच. आधी डोळ्यानं काढायचा, मग बोटानं."

पंजाब मेल मध्यरात्री आली. इगतपुरीला इंजीन बदललं तेव्हा मी जागी झाले. आपल्याकडचं इंजीन तेव्हा तिथवरच चालायचं, पुढे घाटाखाली विजेची जातच वेगळी होती, हे मला दादांमुळे ठाऊक होतं आणि डब्यातल्या एका बाईंना मी ते सगळं समजावून सांगितलं. मग कसाऱ्याचा अंधार, कल्याणचा उजेड, आणि खिडकीला लागून पळणाऱ्या लोकलमधली माणसं.

बोरीबंदरच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. स्टेशनात कॅमेरा काढायचा नाही, त्याला तेव्हा परवानगी लागे, हे रेल्वेच्या पोरीला सांगावं लागत नाही. बाहेर येऊन, रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि मामाने मला खांद्याला धरून वळवलं.

त्या इमारतीचं वर्णन मी करत नाही. तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ती बांधली, १८७८ ते १८८८ ही दहा वर्षं लागली, हे मी पुढे वाचलं. त्या सकाळी मामा एवढंच म्हणाला, "ज्या जीआयपी रेल्वेनं आपलं जंक्शन वसवलं, तिचं हे घर." फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह, एक वाघ. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला. मी वाघाचा फोटो काढला. मामाने मान डोलावली.

आधी बोरा बाजार उरकला. अरुंद गल्ली, माळ्यापर्यंत रचलेले पिवळे आणि केशरी खोके. दुकानदार मामाला नावानं ओळखत होते. भुसावळात सगळ्यांना उभं-बसं करणारा मामा इथे स्टुलावर बसून चहा पीत होता आणि मुंबईतल्या चार फोटोवाल्यांशी कुठला कागद यंदा पिवळा पडतो ह्यावर बोलत होता. कागदाचा गठ्ठा त्याने त्यांच्याकडेच ठेवला. "आता दिवस आपला," म्हणाला. परतीची हावडा मेल रात्री होती.

मग आम्ही दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलो.

तो रस्ता मी त्यानंतर कितीदा तरी चालले आहे, तरी पहिल्या दिवशीची ती सावली पुन्हा मिळाली नाही. जुन्या कोटाची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली आणि पुढे हा हॉर्नबी रोड रुंद होऊन नटला. १८९६ मध्ये असा नियम झाला की इथे जो इमारत बांधेल त्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादलेला मार्ग सोडलाच पाहिजे. वरती कुणी गॉथिक धर्तीचं बांधलं, कुणी ग्रीक-रोमन थाटाचं. ज्याची त्याची हौस. पण खाली कमानीला कमान लागत गेली आणि उन्हापावसात डोकं न भिजवता, न तापवता सबंध रस्ता चालता येऊ लागला. भुसावळच्या उन्हात वाढलेल्या मला हे अपूर्व वाटलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो; दुपारी बाजार ओस पडतो, कारण दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये ऊन उभं असतं. इथे जवळपास शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आधी चालणाऱ्याचा विचार केला होता.

मामाला त्या कमानींचं वेगळंच कौतुक. तो मला एका खांबाशी उभं करून म्हणाला, "बघ, उजेड एकाच बाजूनं येतोय आणि मऊ होऊन येतोय. हाच उजेड मी स्टुडिओत पांढरं धोतर टांगून पैदा करतो. यांनी रस्ताभर पसरून ठेवलाय." त्याने स्वतःच्या दोन भिंगांच्या याशिकामधून त्या कमानीखाली बसलेल्या एका चांभाराचा फोटो घेतला. आधी विचारून, दोन शब्द बोलून. चांभाराने हातातली आरी तशीच धरली आणि मान वर केली. आज मोबाइल घेऊन फोटोवॉकला आलेल्या मुलामुलींना मी रविवारी सकाळी फोर्टात पाहते. चांगले फोटो काढतात, माझ्याहून चांगले. पण कुणी कुणाला विचारलेलं फार क्वचित दिसतं आणि ते मला खटकतं.

कमानींतच फॉरेनच्या मालाचे ठेले होते. अत्तराच्या बाटल्या, कॅसेटी, घड्याळं, गॉगल. त्यांच्या मागे मोठी दुकानं. खादी भांडाराची ती भव्य इमारत मूळची व्हाइटअवे लेडलॉ ह्या विलायती कापडचोपडाच्या पेढीची. गोऱ्या साहेबांचे सूट जिथे विकले गेले, तिथे आत हातमागाची सतरंजी आणि मध विकायला होता. मामाने दादांसाठी खादीचा रुमाल घेतला. आमच्या घरात गांधीजींचं नाव निघालं की फैजपूर निघायचंच, कारण १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला माझे आजोबा बैलगाडीनं गेले होते. त्या दुकानात उभं राहून मला वाटलं, आपलं काहीतरी इथपर्यंत पोचलंय. तो फोटो मी काढला, पण तो हलला.

आणि मग ती काच आली.

दुकानाचं नाव मला आठवत नाही. आठवते ती काच, एका कमानीच्या आत, जमिनीपासून माझ्या दुप्पट उंचीपर्यंत. आत तीन साड्या. फक्त तीन! आमच्या गादीवरच्या डोंगराची सवय असलेल्या मला ते फार थोडं वाटलं, आणि मग हळूहळू फार पुरेसं वाटायला लागलं. मधली साडी गडद, तिचा पदर वरून पंख्यासारखा चुण्या घालत खाली आणलेला, शेवटी जमिनीवर एकाच बाजूला सांडलेला. शेजारी एक पितळी समई, दिवाळीची. बस्स.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेत साडी नव्हतीच. काचेत लाल डबलडेकर होती, समोरच्या इमारतीचे सज्जे होते, आभाळ होतं आणि दोन वेण्या घातलेली, तोंडापुढे काळा डबा धरलेली मी होते. डोळ्यांना साडी दिसत होती, कॅमेऱ्याला दिसणार नव्हती.

"तिरपी हो," मामा म्हणाला. तिरपी झाले तर पदर अर्धा कापला जाई. मायला पदर हवा होता, सबंध.

मामाने गंमत करावी तसे नाही, अगदी कामाच्या चेहऱ्याने आपली छत्री उघडली. मोठी, काळी, लाकडी मुठीची. माझ्या मागे येऊन उभा राहिला, छत्री माझ्या डोक्यावरून पुढे न आणता मागेच, रस्त्याच्या बाजूला आडवी धरली आणि स्वतःचा काळा कोट ओढून सारखा केला.

"आता बघ. काचेत जिथं काळं पडतं, तिथंच आतलं दिसतं."

मी पाहिलं. डबलडेकर निम्मी पुसली गेली होती. छत्रीच्या आणि मामाच्या काळ्या आकारात, जणू विहिरीत वाकून पाहावं तशी, साडी वर आली होती. पदराच्या चुण्या मोजता याव्यात इतकी. कमानीतून येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. एक पारशी म्हातारे गृहस्थ आमच्यामुळे थांबले, हात मागे बांधून वाट पाहत राहिले, आणि खटका दाबल्याचा आवाज आल्यावरच पुढे गेले. तो सातवा फोटो.

उरलेला दिवस मी भरभर सांगते, कारण तो सगळ्यांचाच आहे. फ्लोरा फाउंटनला १८६४ मधली दगडी फ्लोरा, आणि तिच्याजवळच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. तिथे मामाने चपला काढल्या म्हणून मीही काढल्या. फोटो घेतला नाही, तोही म्हणाला नाही. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या राशी. सर फिरोजशहा मेहता रोडच्या बाजूला स्ट्रँड बुक स्टॉल, टी. एन. शानभागांचा. १९४८ मध्ये एका सिनेमागृहाच्या कोपऱ्यात सुरू केलेला तो ठेला तोवर साऱ्या मुंबईचं वाचनाचं ठिकाण झाला होता. दाटीवाटी होती, पण कुणी 'काय पाहिजे' म्हणून मागे लागत नव्हतं. मामाने फोटोग्राफीचं एक जाडजूड पुस्तक अर्धा तास उभ्याने चाळलं आणि जागेवर ठेवलं. कुणी काही म्हणालं नाही. मायला जे काचेबाहेर हवं होतं ते इथे काचेच्या आतही मिळत होतं.

काळा घोडा म्हणतात तिथे घोडा नव्हता. एडवर्ड राजाचा तो पुतळा १९६५ मध्येच राणीच्या बागेत हलवलेला. नाव मात्र तिथेच राहून गेलेलं. ऱ्हिदम हाउसमध्ये छोट्या काचेच्या खोल्या, त्यांत उभं राहून रेकॉर्ड ऐकायची आणि मग ठरवायचं. आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. तरी काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाहून आत जा म्हणून खूण केली, आणि मी भीमसेन जोशींची एक बाजू पूर्ण ऐकली. काचेबाहेर मामा शांत उभा, आवाज त्याला येत नव्हता, माझा चेहरा तो पाहत होता. त्याच्या याशिकामधला तो फोटो माझ्याकडे अजून आहे. वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत दाखवून तो म्हणाला, ल्युमिए बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवला, ७ जुलै १८९६. ही तारीख तो देवाच्या तिथीसारखी म्हणायचा. मग रीगल, कुलाबा कॉजवे, आणि समुद्रापाशी माझा बारावा फोटो. तो लाटेचा काढायचा होता, आला तो नुसता कठडा.

दिवाळीच्या गर्दीत माझा रोल धुवायला मामाला सवड नव्हती. भाऊबीजेच्या रात्री, माय ओवाळून झाल्यावर, तो म्हणाला, "चला." आम्ही तिघं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत शिरलो. माय तिथे पहिल्यांदाच येत होती. लाल दिव्यात तिचा चेहरा, कुंकू सगळं एकाच रंगाचं झालं होतं. मामाने सातवी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली, कागदावर उजेड सोडला, मनात आकडे मोजले आणि कागद ट्रेमध्ये सरकवला.

आधी काळं आलं. छत्री, कोट, खांदा. मग त्या काळ्याच्या आत एकेक चुणी उगवायला लागली. आजूबाजूला बस, सज्जे, माझी एक वेणी, आणि थांबलेल्या पारशीबाबांची टोपी. माय ट्रेवर इतकी वाकली की मामाने तिचा पदर मागे धरला.

"भाऊ, हा तू ना रे?"

"मीच."

"तुह्याच आंगात दिसून राह्यली साडी," माय म्हणाली.

वर्षभर तो फोटो आमच्या स्वयंपाकघरात, भिंतीतल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पुढच्या दिवाळीला तिने तो पिशवीत घालून नेला आणि नेहमीच्या कापड दुकानदाराला दाखवला. त्यानेही चष्मा लावून नीट पाहिला. चार दिवसांनी त्याच्या दारात, गादीच्या वर, बांबूला एक साडी टांगली गेली. पदर चुण्या घालून, खाली एका बाजूला सांडलेला. बाजारातून येताना माय तिथे थांबली. पिशवी खाली ठेवली, दोन चुण्या सारख्या केल्या आणि पायरी न चढता घरी आली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओ आधीच बंद झाला होता, रंगीत आल्यावर. उभ्या गावाचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा एकट्याचा, नीट असा फोटो निघाला नाही. पासपोर्टसाठीसुद्धा तो कधी स्वतःच्या दिव्यापुढे बसला नव्हता. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, स्ट्रँड २०१८ मध्ये. कमानी आहेत. त्या रस्त्याच्या जपणुकीला २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत स्थान मिळालं, आणि दुकानांच्या पाट्या कमानींना शोभतील अशा बसवल्या गेल्या, ते फार चांगलं झालं.

गेल्या दिवाळीत मी फोर्टात गेले होते. जिथे ती काच असावी असं मला वाटतं, तिथे आता मोबाइल विकतात. काच आहेच. मी मोबाइल वर धरला, सवयीने थोडी तिरपी झाले, मग पुन्हा सरळ उभी राहिले आणि फोटो काढला. तो भुसावळला भाचीच्या फोनवर पाठवला, तिने मायला दाखवला. माय आता सत्त्याऐंशीची आहे. तिला दिसतं कमी, पण फोटो ती अजूनही डोळ्यांपाशी नेऊन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहते.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. दुकान कुठलं, साड्या कुठे गेल्या, काहीच विचारलं नाही.

"एकलीच गेल्ती का वं?"